रक्तात नसलेला उपास

कराडजवळच्या साखर कारखान्यात कारकुनी करणाऱ्या माझ्या मामांना प्रत्येक जातीचं हृदय आतून ठाऊक होतं. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, देव जाणे. एकदा रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं की खाणं कमी केल्यावर गोऱ्या लोकांच्या हृदयाचं एक होतं आणि आपल्या लोकांच्या हृदयाचं दुसरंच. झालं. पुढच्या आठवड्यात ते साताऱ्याला माझ्या माहेरी आले तोवर गोरे मागे पडले होते आणि मामा गल्लीतल्या आडनावांपर्यंत पोचले होते. आपलं रक्त लढवय्यांचं, त्यामुळे हृदय दांडगं, त्याला खुराक हवा. जैनांचं हृदय बेताचं, ते उपाशी ठेवलं तरी कुरकुरत नाही. गुजरात्यांच्या हृदयाचंही काहीतरी होतं, ते ऐकायला मी थांबले नाही.

हा विषय निघायला कारण माझे वडील. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वजन वाढलेलं, आणि त्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेलेली. लग्नानंतर मी सांगलीला राहत होते, म्हणून त्यांना तिथल्याच डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन घास कमी खा, हळूहळू उतरवा, आणि दाखवायला येत जा. मी मामांचं शास्त्र त्यांच्या कानावर घातलं. ते हसले नाहीत. देशोदेशीच्या माणसांत फरक असेलही, परदेशातले वजनाचे तक्ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असं ते म्हणाले. पण एका गल्लीतल्या दोघांची जात विचारून हृदय कळतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

वडिलांना 'दोन घास कमी' हा अपमान वाटला. आमच्याकडच्या पुरुषांचं हे जुनं खूळ. ताटातली एक भाकरी कमी करणं म्हणजे म्हातारपण, बायकोच्या धाकात राहणं. अजिबात न जेवणं मात्र मर्दपणा. या दोन्हींच्या मधे काही असतं, हे यांना कधी सुचतच नाही.

वडिलांचा शाळेपासूनचा एक दोस्त सांगलीत हळदीचा व्यापार करायचा. तो जैन. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस तो नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढायचा आणि रोज दुकानातही बसायचा. मामांनी नेमकं त्याचंच उदाहरण दिलं. म्हणाले, "दाजी, त्येंच्या रक्तातच हाय ते. आपल्याला न्हाई जमायचं."

मामांना दुसरं काही बोलता आलं असतं. पण सुभेदाराला 'जमायचं नाही' म्हणायला अक्कल लागत नाही, म्हणून तेच बोलले.

त्या भाद्रपदात घरी गणपती बसले आणि वडिलांनी जेवण सोडलं. मोदक नको, गौरीचा नैवेद्य नको, फक्त पाणी. मी गौरीला माहेरी आले तर हा प्रकार. डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं, हात जोडले, भांडले. ते खाटेवर ताठ बसून म्हणाले, "रक्तात काय असतंय ते दावतो मी." आई दाराआडून कौतुकानं बघत होती. मामा कराडहून फोन करून तब्येत विचारत होते, म्हणजे दाजी पडले का याची चौकशी. अशा घरात कुणाशी डोकं लावायचं? मी चिडून सांगलीला परत गेले.

अनंत चतुर्दशी पार पडली आणि दुसऱ्या दिवशी उपास सुटला. आमच्याकडे सुटतो तसाच सुटला. पुरणपोळ्या, कटाची आमटी, दूध, वर तुपाची धार. आईनं पहाटे उठून पुरण वाटलं होतं. इतके दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला आपल्यात आग्रह करकरून वाढतात. वडील मनसोक्त जेवले आणि मामांना फोन करून जिंकल्याचं सांगितलं. दोन दिवसांत त्यांच्या पायांना सूज आली, धाप लागली, छातीत धडधड सुरू झाली. दवाखान्यात पोचायच्या आतच ते गेले.

तेराव्याला माणसं जमली. मामा सोप्यात मधोमध बसले होते. "मी म्हनत न्हवतो? आपल्या रक्ताला उपास चालत न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी लगेच आपल्या चुलत्याचं उदाहरण दिलं. दुखवट्याला आलेली माणसं माझ्या बापाच्या मरणावरून शरीरशास्त्र शिकून जात होती. मला त्यातल्या एकेकाची किळस आली.

हळदीवाले काका बाहेर ओट्यावर एकटेच बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मी त्याला फोनवर बजावलं हुतं. पारण्याला निस्तं मुगाचं पाणी, चमच्या-चमच्यानं. पोळी-तुपाचं आठवडाभर नाव काढायचं न्हाई. आमच्यात त्या दिवशी घरातल्या बायका डोळ्यांत तेल घालून बसत्यात. उपास काय, कुनीबी करतंय. सोडायचं शिकावं लागतंय."

वडिलांनी हे घरात सांगितलंच नव्हतं. चमच्यानं मुगाचं पाणी पिणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार.

मी तरातरा आत निघाले. मामांना चारचौघांत काय सुनावायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. लढवय्यांचं रक्त, दांडगं हृदय, एकेक शब्द त्यांच्या घशात घालणार होते. सोप्याच्या दारातच आईनं माझा हात धरला. तिनं मामांचं बोलणं ऐकलं होतं.

"तू डॉक्टरास्नी भेटली हुतीस. खरंच आपल्या रक्तातच न्हवतं का गं? का माझ्या पोळ्यांनी..."

तिच्या हाताची पकड सुटत नव्हती. सोप्यातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मामाही बघत होते.

"रक्तातच नव्हतं, आई," मी म्हटलं. "मामा सांगतायत तेच खरं आहे."

आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणानं. मामांनी सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं आणि म्हणाले, पोरीला शिकवल्याचं चीज झालं.