आदरार्थी सासूबाई

मला सासू एकच होती. अर्जात मी इंग्रजीतून अनेक मारल्या.

त्र्याहत्तर साल असेल. सांगलीच्या एका कचेरीत मी नवा कारकून. सकाळी औंधहून मेव्हण्याची तार आली. सासूबाई गेल्या. बायको तिकडंच होती. दुपारची एस.टी. धरली तर मातीला पोचणार होतो.

साहेबांना अर्ज इंग्रजीतच लागायचा. जोडशब्दाचं अनेकवचन मी नुकतंच घोकलेलं : 'एस' शेवटी नाही, पहिल्या शब्दाला. आता सासूबाईंना एकवचनात कसं लिहायचं? लिहिलं, 'माय मदर्स-इन-लॉ आर डेड.' व्याकरण चोख. सासवा तेवढ्या जास्त.

साहेबांनी अर्ज सगळ्या कचेरीला वाचून दाखवला.

"किती रे सासवा तुला? मोजून सांग. तुमच्यात चालतं वाटतं!"

सगळे हसले. मीही हसलो. त्याचीच लाज अजून जात नाही.

"आदरानं लिवलं, साहेब."

"तिला कसला आदर? 'इज डेड' लिही. सासू मेली. वीस वेळा लिही, मग जा."

बसलो लिहायला. शाळेतल्या पोरासारखा. घड्याळाकडं बघत, भराभरा. इज डेड. इज डेड. सातव्या ओळीला हात अडला.

गावकुसाबाहेरची बाई. जन्मभर दुसऱ्यांचे गोठे झाडले. शेंबडं पोरही तिला 'ए सखे' म्हणायचं. अनेकवचन तिला कुणी दिलंच नाही. मी दिलं, तेही परक्या भाषेत, चुकून. आणि आता माझ्याच हातानं काढून घेत होतो. वीस वेळा.

कागद फाडला.

"सासू एकच, साहेब. पण त्या वारल्या. मेली न्हाई."

निघालो. एस.टी. सुटली होती. पुढच्या गाडीनं पोचलो तवा माती झालेली. ओल्या ढिगाऱ्यापुढं नुसता उभा राहिलो.

परतलो तर टेबलावर मेमो. विनापरवानगी गैरहजर, खुलासा करा. केला. मराठीत, एकाच ओळीचा : 'माझ्या सासूबाई वारल्या होत्या.' नोकरी राहो, जावो. आमच्या माणसांचं एकवचन यापुढं माझ्या हातनं लिहिलं जाणार नाही.

बायको आल्यावर तिला तो खुलासा वाचून दाखवला. जरा छाती काढूनच.

ती म्हणाली, "आवं, ह्योच कागद आदी मराठीत लिवला असता, तर आईवर मूठभर माती पडली असती तुमच्या हातची."