देवाजीने सांगितलेली तारीख

धरमपेठेतल्या रशियन भाषेच्या वर्गाचं कुलूप अकरा वर्षं देवाजी उघडत होता. वर्ग म्हणजे एका दवाखान्यावरची लांबट खोली, सहा बाकं आणि एक फळा. शिकवायला कृष्णकांत सर. रशियात इंजिनियरिंग नाहीतर डॉक्टरी शिकायची शिष्यवृत्ती हवी असेल, तर आधी इथं दोन वर्षं भाषा आणि गणित घोटायचं, मग दिल्लीची परीक्षा द्यायची, आणि तिकडं पोचल्यावरही पहिलं अख्खं वर्ष तयारीच्या वर्गातच काढायचं. इतक्या चाळण्यांतून दर साली चार-पाचच पोरं पार होत.

देवाजी हुद्द्यानं चपराशी. पण रुबाब असा, की नव्या पोराच्या बापाला वाटावं, शिष्यवृत्तीवर सही हाच करतो. "मॅट्रिकच्या दाखल्याच्या तीन नकला लागतात जी. आणि पोराचं वय पाहून घ्या, एक सप्टेंबरले पंचवीसच्या आत पाहिजे," असं तो जिन्यातच सांगून टाकी. दुसऱ्याला सांगायची अक्कल देवानं सगळ्यांना भरपूर दिली आहे. स्वतःच्या घरी ती कामाला येत नाही, एवढंच.

त्याची लेक शामला शेवटच्या बाकावर बसे. बी.एस्सी. झालेली, दिवसा एका शाळेत बदली शिक्षिका. संध्याकाळी प्रताप नगरामागच्या वस्तीतून बापाच्या सायकलवर मागं बसून वर्गाला यायची. सरांनी तिच्याकडून फी घेतली नाही आणि दोन वर्षांत तिचं बाक पुढं पुढं सरकत पहिलं झालं. "मी शिकवलेलं शामलाला येतं, आणि न शिकवलेलंही येतं," असं सर म्हणत. तिला धरणं बांधायचं शिक्षण घ्यायचं होतं. ही बातमी देवाजीनं वस्तीत घरोघर पोचवली होती. तुळसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तर एप्रिलच्या रखरखीत उन्हात जुन्या बाजारातून लोकरीचा ओव्हरकोट आणला आणि अंगणात वाळत घातला. लोक हसले. ती म्हणाली, "हसा. तिकडं बर्फ आहे."

ब्याऐंशी सालच्या एप्रिलात सरांनी पाच नावं काढली. पहिलं शामलाचं. अर्ज भरायला बसले आणि तिचा दाखला हातात धरून थांबले.

"देवाजी, शामलाची जन्मतारीख चौदा ऑक्टोबर छप्पन?"

"हो जी," देवाजी ताठ उभा राहून म्हणाला.

"मग तिला मागच्या ऑक्टोबरातच पंचवीस पूर्ण झाली."

देवाजी आधी हसला. मग त्यानं दाखला सरांच्या हातून घेतला. तो आकडा त्यानं शंभरदा वाचला होता, लोकांना कौतुकानं दाखवला होता. पण वय म्हणून ती तारीख त्याला कधी दिसलीच नव्हती.

"नाही सर. पोरगी तं पुढच्या सालच्या थंडीत झाली. पौषात, सत्तावन्न सरता सरता. अजून चोवीसचीच आहे."

"मग हे कुणी लिहवलं?"

"म्या," देवाजी म्हणाला.

देवाजी मूळचा कळमेश्वरकडच्या एका खेड्याचा कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते पाटलाच्या अंगणात जोड्यांपाशी उभं राहून सांगायचं आणि कोतवाल-बुकात लिहवून घ्यायचं, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं काम. छप्पन सालच्या दसऱ्याला, म्हणजे चौदा ऑक्टोबरला, तो आणि तुळसाबाई पांढरे कपडे घालून पायी नागपूरला आले आणि लाखो माणसांत उभं राहून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गावी परतल्यावर देवाजीनं कोतवालीची काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवली आणि पाठ फिरवली. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं असतं, तुझं वय किती, तर तो म्हणाला असता, दोन दिवस.

पुढं तो नागपूरला आला. त्रेसष्ट साली शामलाला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. देवाजी म्हणाला, "आमी सारे एकाच दिवशी जलमलो, गुरुजी. तेच लिवा." गुरुजीही त्याच दिवशी दीक्षा घेतलेले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी लिहून टाकलं. थोरला मुलगा गोविंदा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी त्याचीही तारीख तीच. वस्तीत अशी दहा-बारा पोरं होती. कुणाचंही त्यापायी काही अडलं नव्हतं, कारण वय मोजणाऱ्या दारापर्यंत त्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

"आठ दिवस आहेत," सर म्हणाले. "खऱ्या जन्माची सरकारी नोंद आणा. ती असली तर मी दिल्लीशी भांडतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं देवाजी कळमेश्वरच्या कचेरीत पोचला. तिथं चंपतराव नावाचे दफ्तर सांभाळणारे कारकून होते. माणूस भला. त्यांनी चहा मागवला आणि त्या गावचं जुनं कोतवाल-बुक धूळ झटकून पुढं ठेवलं. देवाजी पानं उलटू लागला. दसऱ्यापर्यंत पानोपानी खबर देणारा म्हणून त्याचंच नाव होतं. पुढं नव्या कोतवालाचं. पाटीलपुऱ्यातली पोरं होती, तेल्याकडची होती, वाण्याकडचं एक मेलेलंही होतं. सत्तावन्नच्या अखेरचा पौष आला आणि गेला. त्याच्या वस्तीतलं एकही नाव नव्हतं.

"अशानं कसं?" चंपतराव म्हणाले. "दोन सालं तुमच्या वस्तीत कोनी जलमलंच नाही का गा?"

देवाजीला आठवलं आणि त्यानं बुक मिटलं. नवा कोतवाल वस्तीत पाय ठेवत नव्हता, हे खरं. पण वस्तीतलं कुणी जाऊन सांगू शकलं असतं. तेव्हा देवाजीनंच समाजाच्या बैठकीत उभं राहून म्हटलं होतं, "आपल्या लेकराचा जलम त्याईच्या दारात जाऊन काहून सांगाचा?" सगळ्यांना पटलं होतं. दोन वर्षं कुणीही गेलं नाही. एखाद्याच्या शब्दाला वजन असणं हीसुद्धा कधीकधी फार वाईट गोष्ट असते.

तरी त्यानं हातपाय हलवणं सोडलं नाही. गावात जाऊन सुईण प्रयागबाईला गाठलं. म्हातारी आंधळी झाली होती, पण म्हणाली, "शामी ना? म्याच काढली तिले. हुरड्याचे दिवस होते. कुठं अंगठा लावाचा, सांग." कागदावर तिचा अंगठा घेऊन तो नागपूरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्याकडे आला. त्यानं प्रतिज्ञापत्र टाइप करून वाचून दाखवलं: 'सदर तारीख मी शाळेत खोटी सांगितली.'

"खोटी हा शब्द नाही लिवला तं नाही चालत का?" देवाजीनं विचारलं.

"मग कोणता लिहू?"

देवाजीला दुसरा शब्द सुचला नाही. त्यानं सही केली.

सरांनी दिल्लीला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला, तीन मिनिटांत संपला. मॅट्रिकच्या दाखल्यावर जी तारीख तीच धरतात, सुईण चालत नाही, बाप चालत नाही. सरांनी फोन ठेवला. देवाजी त्यांच्या पायाशी वाकला, "सर, मले काई शिक्षा करा, पन पोरीले पाठवा." सरांनी त्याला उठवलं. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

अर्ज पाठवायच्या दिवशी शामला वर्गात आली, हेच देवाजीला सोसवेना. घरी बसून रडली असती तर तो तिच्याजवळ बसला असता. रशियन रकाने सुबक अक्षरात भरायला लागत आणि तसं अक्षर वर्गात तिचं एकटीचंच, म्हणून चारही पोरांचे अर्ज तिनं भरले. एकाला तर रशियन अक्षरं अजून नीट काढता येत नव्हती. त्याची जन्मतारीख लिहिताना तिनं विचारलं, "ही बरोबर आहे ना?" तो म्हणाला, "हो, इस्पितळाचं कार्ड आहे." तिनं खाली मान घालून लिहिली.

पोरं गेली. पाकिटावर कापड शिवून लाख लावायचं काम देवाजीचं. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा शामलानं तो ओवून दिला आणि समोर बसून राहिली.

"माह्यावर रागाव वं," तो म्हणाला. "काईतरी बोल."

"रागावून का होते, बाबा?" ती म्हणाली. "तो दिवस तुमचा होता, आईचा होता. मले त्याचा अभिमान आहे. पन माहाही एक दिवस होता. तो तुमी कोनालेच नाही सांगतला."

देवाजीनं लाखेवर शिक्का दाबला. पाकीट घेऊन तो सायकलवर निघाला. वाटेत नाल्याच्या पुलावर थांबला आणि पाकीट खाली फेकून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. अगदी खरोखर आलं. हात कठड्याबाहेरही गेला. पण त्यात चौघांच्या तारखा होत्या. त्या कुणाच्या तरी बापांनी वेळेवर सांगितल्या होत्या.

त्यानं पाकीट छातीशी धरलं, पोस्टात गेला, रांगेत उभा राहिला, आणि तिथं लोकांदेखत रडला.