गुनवोरची हिवाळी बिअर आणि आत्याची जीभ

गुनवोर खडकावरून पडली तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता. त्या वर्षी बिअरला लागणाऱ्या जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या कुठं चांगल्या आल्यात ते बघायला ती वर चढली होती. ओल्या शेवाळावरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. मी दुधाचा टँकर घेऊन खालच्या रस्त्यानं चाललो होतो, म्हणून मला दिसली. पोचलो तोवर ती उठून बसली होती. मानेवरून रक्त ओघळत होतं आणि मला म्हणते काय, "ओडगेर, दूध नासेल तुझं. जा तू."

मी तिला उचलून टँकरमध्ये बसवलं आणि दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले, पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहा असं सांगितलं. ती अकरा दिवस पडून राहिली.

बाराव्या दिवशी ती भट्टीघरात आली. भट्टीघर म्हणजे तिच्या वडिलांच्या शेतावरची जुनी दगडी चूलखोली आणि तिला जोडलेली नवी शेड. तिथं तिच्याबरोबर बिअर करणारा हालवार्ड पोती रचत होता. गुनवोरनं मोड आणून भाजलेल्या जवाचं पोतं फोडलं, मूठभर जव नाकाशी धरले आणि कपाळाला आठी घातली.

"हालवार्ड, माल शिळा आलाय. परत पाठव."

हालवार्डनं वास घेतला. "अगं, भट्टीतून आत्ता काढलेल्या पावासारखा घमघमतोय!"

तिनं मूठ पोत्यात रिकामी केली. घरात गेली, व्हिनेगरची बाटली उघडली. मग कॉफीचा डबा. मग तळघरात उतरून मुरवलेल्या माशाची बादली उघडली, जिचं झाकण हललं तरी आमच्याकडे मांजर घर सोडतं. तिला कसलाच वास आला नाही. तिनं झाकण नीट लावलं आणि पायरीवर बसून राहिली. हालवार्ड सांगतो, अर्धा तास ती आपल्या हाताकडे बघत होती.

डॉक्टर म्हणाले, "मागून मार बसला की वासाची नस तुटते कधी कधी. परत येईलही. नाही पण येणार. वर्षभर वाट बघा."

"माझ्याकडे वर्ष नाही," गुनवोर म्हणाली. "माझ्याकडे डिसेंबरपर्यंत वेळ आहे."

आमच्या हेगदालच्या दरीत डोंगर असा उभा आहे की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य त्याच्या मागं जातो तो जानेवारी संपेपर्यंत तोंड दाखवत नाही. तेवढ्या काळासाठी घरोघरी एक तगडी बिअर घालायची, ही इथली फार जुनी रीत. शेकडो वर्षांपूर्वी तर कायदाच होता म्हणे: नाताळात ज्याच्या घरात बिअर नाही त्याला दंड. प्रत्येक घराचं स्वतःचं यीस्ट असायचं. दह्याचं विरजण जपतात तसं ते जपायचं, वाळवून कापडात बांधून ठेवायचं, आपलं बिघडलं तर शेजारणीकडून मागून आणायचं. मग शहरात कॅनमधली बिअर स्वस्त झाली आणि एकेका घराचं विरजण मरून गेलं. गुनवोरच्या वडिलांनी, आर्नफिननं, तेवढं टिकवलं.

गुनवोर आमच्या दूध डेअरीत तपासनीस होती. सव्वीस वर्षं तिनं दूध चाखलं. मी आणलेल्या टँकरचं झाकण उघडून ती सांगायची, "वरच्या शेतावरच्या गाईंनी आज कांद्याची पात खाल्लीय." डेअरी बंद पडली, माझा टँकर शहराकडे जायला लागला, तेव्हा सगळे रडले, आणि ही डेअरीची पोलादी पिंपं मागायला गेली. हालवार्ड तिथला मेकॅनिक. पिंपांबरोबर तोही आला. वर्षभर ते साधी बिअर करतात, पण नाव झालं ते हिवाळीमुळंच. तिचं नाव सोलस्नू, म्हणजे सूर्य माघारी वळतो तो दिवस. जुनिपरच्या पाण्यात जव भिजवायचे, निघालेला गोड काढा तांब्याच्या हंड्यात तासन् तास उकळायचा, तो लाल होतो, आटतो, आणि मग घरचं विरजण. नऊ टक्के. एका ग्लासात कान गरम होतात, दुसऱ्यात माणूस भावाशी बोलायला लागतो.

त्या वर्षी हालवार्डनं स्पष्ट सांगितलं, "यंदा सोडून दे. लोक समजून घेतील."

"नाक माझं गेलंय. हात आहेत ना?"

फांद्या हालवार्डनं आणल्या, कारण तिला चढायची मनाई होती. ऑक्टोबरात त्यांनी मोठं पिंप भरलं. दहा दिवसांनी मला बोलावलं. मी प्यायलो. छान लागली. हालवार्ड म्हणाला, "जरा मातकट आहे, पण मला आवडतंय ते." गुनवोर आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती, भाषा न येणारा माणूस बघतो तशी.

"मातकट म्हणजे कसं?" तिनं विचारलं.

"म्हणजे... मातीसारखं."

"कुठली माती? बटाट्याची? तळघराची? थडग्याची?"

 आम्हाला सांगता येईना. ती उठली, एक किटली भरली, कोट चढवला.

"कुठं निघालीस?"

"आत्याकडे."

हालवार्डनं डोक्याला हात लावला. तिची आत्या ओस्ने तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती आणि गुनवोरशी अकरा वर्षं बोलत नव्हती. सोलस्नूची पहिली बाटली गुनवोरनं माझ्याच हाती तिच्याकडे धाडली होती. म्हातारीनं ती न उघडता परत दिली आणि निरोप दिला: "म्हणावं, आमच्या घरची बिअर वाटायची असते, विकायची नसते. ही माझ्या आईची बिअर. आईलाच दुकानात मांडून ठेवलीस, आता तिच्यावर किंमत पण चिकटव."

गुनवोर चालत गेली. तिचा पाय मुरगळेल म्हणून मी मागून गेलो, खरं सांगायचं तर काय होतं ते बघायलाही गेलो.

ओस्नेनं दार उघडलं. किटलीकडे बघितलं, मग भाचीकडे.

"डोकं आपटलं म्हणे."

"आपटलं."

"अकरा वर्षं उशिरा आपटलं. ये आत. बूट काढ."

गुनवोरनं आडवळण घेतलं नाही. "आत्या, मला वास येत नाही. चव पण गेली. गोड, खारट, कडू एवढंच कळतं. ही बिअर चांगली आहे की वाईट, मला माहीत नाही."

"मग विचार की तुझ्या गिऱ्हाइकांना."

"गिऱ्हाइकं खोटं बोलतील. ओडगेरला काही कळत नाही. तू खोटं बोलणार नाहीस, तुला मी आवडत नाही."

 म्हातारीनं कपाटातून लाकडी वाटी काढली, धुतलेली असूनही पुन्हा धुतली. बिअर ओतली, नाक खाली नेलं आणि तिथंच थांबली. एक घोट घेतला, मोरीत थुंकला.

"ओलं पोतं," ती म्हणाली. "फांद्या कुणी तोडल्या?"

"हालवार्डनं."

"आणि प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या. खालच्या बाजूला बुरशी आली असणार. आत्ता थोडीच कळतेय. नाताळापर्यंत ही बाटली उघडली की गोठ्याचं दार उघडल्यासारखं होईल. ओतून टाक."

"सगळी?"

"नाही, अर्धी ठेव, पाद्रीसाहेबांना दे," ओस्ने म्हणाली. "सगळी म्हणजे सगळी!"

आम्ही परत आलो. गुनवोरनं फांद्यांच्या पिशव्या उलट्या केल्या. तळाला राखाडी लव आली होती. हालवार्ड लाजून लाल झाला, आणि तरीही भांडला. "आठशे लिटर! म्हातारीनं एक घोट घेतला आणि तू आठशे लिटर ओतणार? अगं, ती सूड घेत असेल तर?"

"बुरशी पण तिनंच आणून ठेवली का?"

"लोकांना कळणार नाही, गुनवोर."

"मला पण कळलं नाही. म्हणून तर ओततेय."

तिनं स्वतः तोटी उघडली. बिअर खताच्या खड्ड्याकडे वाहत गेली, तपकिरी, फेसाळ. हालवार्ड घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा ती डोंगराच्या सुक्या बाजूला चढलेली होती, कमरेला दोर बांधून, डॉक्टरांची मनाई धाब्यावर बसवून. दोराचं दुसरं टोक माझ्या टँकरला. तो खाली उभा राहिला आणि ती टाकेल त्या फांद्या एकेक करून उघड्यावर पसरत गेला.

पण दुसऱ्या वेळी चुकलं तर तिसरी वेळ नव्हती. गुनवोर पुन्हा आत्याकडे गेली.

"माझ्याबरोबर उभी राहा. एक दिवस."

"उभी राहायला गुडघे आहेत का मला? बसेन. आणि एक अट आहे."

"बोल."

"पहिला हंडा विकायचा नाही. दरीतल्या प्रत्येक घरी जाईल, जाळीत राहणाऱ्या घरीसुद्धा." 'जाळी' म्हणजे आमच्याकडची नवी वस्ती, मासळीच्या कारखान्यात कामाला आलेल्या लोकांची. "आईच्या वेळी कुणाचं दार वगळत नव्हते."

"दिला."

"लगेच दिलास? भाव करायचा होता."

"अकरा वर्षांपूर्वीच द्यायला हवा होता," गुनवोर म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, बर्फावरच्या घसरखुर्चीत बसवून आम्ही ओस्नेला भट्टीघरात आणलं. ती चुलीशी लोकरी चादर गुंडाळून बसली आणि तिनं पहिल्यांदा सगळ्यांचा पाणउतारा केला. मग गुनवोरचा थर्मामीटर मागितला आणि खिशात घातला.

"हे लागत नाही. तुझ्या बापाला लागायचं. त्याला घाई असायची. मुलगा म्हणून हंडा त्याला मिळाला, पण आईच्या हाताखाली उकळायला मी उभी असायचे. तो शिकला ते माझ्याकडून, आणि अर्धंच शिकला."

मी ऐकत होतो. गुनवोरला हे कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या तोंडावरून कळत होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "मग उरलेलं अर्धं काय?"

"बघ पाण्यात. वाफ आहे तोवर काही दिसत नाही. वाफ विरळ होऊन तुझं तोंड दिसलं की जव घाल. दिसलं?"

"नाही... नाही... आता दिसलं."

"घाल!"

दिवसभर असं चाललं. काढा आटला की नाही ते अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थेंब ताणून बघायचं. रंग लाकडी डावाच्या पाठीवर बघायचा, कोल्ह्याच्या पाठीसारखा झाला की पुरे. तीन तासांनी हालवार्ड हंडा उतरवायला निघाला तर म्हातारी ओरडली, "बस खाली! आर्नफिन पण असाच तीन तासांनी उठायचा." आणखी दीड तास तिनं उकळवलं. विरजण घालायची वेळ आली तेव्हा गुनवोरला कोपर बुडवायला लावलं. "बाळाच्या अंघोळीपेक्षा जरा जास्त. भाजत नाही, पण काढून घ्यावंसं वाटतं, तेवढं." हालवार्डनं हळूच दुसरा थर्मामीटर लावून बघितला. चाळीस, हवं तेवढंच. त्यानं तो मला दाखवला आणि परत खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी गुनवोर पिंपाला कान लावून बसली होती. आत तव्यावर लोणी तडतडतं तसा आवाज. "जास्त जोरात आहे का, आत्या?" "बरोबर आहे. आवाज बसला की सांग." तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज बसला, आणि ते आमच्यात सगळ्यात आधी गुनवोरला कळलं.

मग ओस्नेनं बिअर चाखली. या वेळी ती थुंकली नाही. दुसरा घोट घेतला. मग वाटी रिकामी केली.

"आईची नाही," ती म्हणाली. "आई जुनिपर जास्त घालायची. पण तुझ्या बापापेक्षा बरी आहे."

गुनवोरनंही ग्लासभर घेतली. तिला काय मिळालं ते तिनं मला नंतर सांगितलं: ओठाला चिकटपणा, जिभेवर वजन, थोडं गोड, आणि घशात उतरणारी ऊब. बाकी काही नाही. ती ग्लास धुवायला म्हणून मोरीकडे गेली आणि नळ सोडून तिथं पाठमोरी उभी राहिली. ओस्ने म्हणाली, "रड, रड. पाणी वाया घालवू नकोस, नळ बंद कर."

पहिला हंडा आम्ही माझ्या टँकरच्या पुढच्या सीटवरून वाटला, चौसष्ट घरं. जाळीतल्या एका बाईनं सांगितलं की त्यांच्यात दारू चालत नाही, पण बाटली परत दिली नाही, खिडकीत ठेवली आणि आम्हाला वेलदोडे घातलेला चहा पाजला. उरलेली सोलस्नू सरकारी दारूच्या दुकानात गेली आणि नाताळाआधीच संपली.

वास काही परत आला नाही. वर्ष झालं, दोन झाली, चार झाली. कधी मधेच जळक्या रबराचा भास होतो म्हणते, तेवढाच. ती थांबली मात्र नाही. हालवार्डची जीभ तिनं डेअरीतल्यासारखी परीक्षा घेऊन तयार केली. डोळे बांधून त्याला सात जागची माती हुंगायला लावली. तो आता 'मातकट' हा शब्द तोंडातून काढत नाही.

ओस्ने सध्या शहरातल्या वृद्धाश्रमात आहे, वय शहाऐंशी. पहिल्या वर्षी गुनवोर तिथं नमुना घेऊन गेली तर नर्सबाईंनी दारातच अडवलं: इथं बाहेरची दारू चालत नाही. गुनवोरनं वाद घातला नाही. तिनं नगरपालिकेला अर्ज केला. नकार आला. दुसरा केला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. त्याचं उत्तरच आलं नाही, तेव्हा ती कचेरीत जाऊन बाकावर बसली, तीन दिवस, विणकाम घेऊन. चौथ्या दिवशी परवानगी मिळाली: वर्षातून एकदा, एक डेसिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप, नर्सच्या देखत.

परवा मीच गुनवोर आणि हालवार्डला गाडीतून तिथं नेलं. ओस्नेला आता दिसत नाही फारसं. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, नाक खाली नेलं, प्यायली. नर्स घड्याळ बघत होती.

"कशी आहे, आत्या?"

"जव बदललेस."

"हो. शेतकरी बदलला."

"घाईत भाजतो तो. सांग त्याला."

गुनवोरनं कोट चढवला. गाडीत बसता बसता तिनं त्या शेतकऱ्याला फोन लावला.