त्रिकोणी काच

आमच्या व्याह्यांच्या गाडीत बसून ज्याला देव आठवला नाही, असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. आमचे अंबडचे एक शेजारी जन्मभर देवळाची पायरी चढले नव्हते. व्याह्यांनी त्यांना एकदा जालन्याच्या बसस्टँडपर्यंत सोडलं, तेव्हापासून ते दर शनिवारी मारुतीला तेल वाहतात. व्याही, त्यांच्या बोलीत इवाई, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मूळचे जाफराबादकडचे शेतकरी. तरुणपणी जालन्यात येऊन त्यांनी बियाण्यांचं दुकान टाकलं, ते आता मुलाच्या हाती देऊन स्वतः गाडीच्या सेवेला मोकळे झाले. त्यांचा हात वाईट आहे असं कुणी म्हणू नये. तीस वर्षांत त्यांनी कोंबडीसुद्धा चिरडलेली नाही. भीती वेगळीच आहे. ते गाडी चालवत नाहीत, गाडी दाखवतात. आणि मुलीच्या बापानं व्याह्याला 'गाडी बाजूला घ्या, मला उतरायचंय' म्हणायचं नसतं ही आपल्याकडची रीत असल्यामुळे, लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी त्या गाडीत मुठी आवळूनच बसत आलोय.

दाखवण्यासारखं त्या गाडीत काय नव्हतं? नव्या गाड्यांतून जे जे काढून टाकलं गेलं, ते ते सगळं. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. तिच्यावर तिघं मावत. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला, म्हणजे मधल्या माणसाचे गुडघे सुखरूप. गाडी गार असताना बाहेर ओढायची चोकची गुंडी. राखदाणी, जिच्यात व्याह्यांनी आयुष्यात विडी न ओढल्यामुळे बडीशेप असे. दिव्याचा झोत खालीवर करायचं बटण पायाशी, डाव्या टाचेखाली. एकदा तिन्हीसांजेला समोरून उसाचा ट्रक येत असताना हे मला म्हणाले, "वाकून बघा की इवाई, पायानं कसं करून राह्यलो ते." मी वाकलो नाही. पण ते वाकले. मुलानं घेतलेली नवी गाडी दारात उभी असते, तिला ते हात लावत नाहीत. "पट्टा लावला न्हाई की वरडती," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला, "माझ्यावर वरडायचा हक्क या घरात एकाच माणसाला हाय. दुसरं कशाला आणू?"

जाफराबादला एका लग्नाला जाताना गाडी भर माळावर बंद पडली. दुसरा कुणी हळहळला असता. व्याह्यांचा चेहरा खुलला. त्यांनी डिकीतून लोखंडी हँडल काढलं, बंपरच्या भोकातून घातलं आणि मला स्टिअरिंगपाशी, अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसवलं. "पाय एवढाच दाबून ठिवा. हलवू नका बिलकुल. इंजिनानं हँडल उलटं फेकलं तर माझं मनगट जाईल." बस्स, एवढं सांगून ते पुढं गेले. माझा पाय त्या क्षणापासून शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा थरथरायला लागला. मुलीच्या सासऱ्याचं मनगट आपल्या पायानं मोडलं तर सोयरिकीचं काय होईल, हा एकच विचार डोक्यात. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. ते घामानं निथळत आत आले आणि म्हणाले, "नव्या गाडीचं नशीबच न्हाई हे."

आता दैवाची गंमत बघा. जुन्या लोखंडावर असा जीव लावणारा हा माणूस राहतो कुठं, तर जालन्यात, जिथं ठिकठिकाणचं भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. रविवारी सकाळी व्याही भंगाराच्या आवारांतून फिरत. एखादी जुनी मोटार भट्टीच्या वाटेवर दिसली की तिच्याभोवती दोन चकरा मारत, एखादी गुंडी, एखादा आरसा मागून घेत, आणि निघताना तिच्या टपावर हात ठेवून जरा वेळ उभे राहत. सहा वर्षं ते एकाच वस्तूच्या मागावर होते. पुढच्या दाराच्या कोपऱ्यात जी छोटी त्रिकोणी काच असते ना, खुंटीवर फिरणारी, तिरकी केली की वारा थेट छातीवर आणणारी, तिचा खटका त्यांना हवा होता. त्यांच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे खटके केव्हाच झिजले होते. काच घडी घातलेल्या रुमालानं अडकवून ठेवलेली असे. बाहेरून कुणीही बोट लावलं की उघडे. गेल्या वैशाखात त्यांना खटक्यांची अखंड जोडी मिळाली. त्यासाठी त्यांनी मला दुपारी फोन केला. मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. "इवाई, ऐका," म्हणाले, आणि फोन काचेजवळ धरून तो खटका मला सात-आठ वेळा ऐकवला.

त्यानंतर आठच दिवसांनी ते अंबडला आले. मुलगी आणि अडीच वर्षांची नात चिमी सुटीला आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना न्यायला. चिमी म्हणजे त्यांची गाडीतली पट्टशिष्या. तिला त्यांनी काच खालीवर करायचं हँडल शिकवलं होतं आणि दाराच्या काठावरचं कुलपाचं बटण दाबायला शिकवलं होतं. तिनं बटण दाबलं की हे टाळ्या वाजवत आणि ती हसे. दाबायला शिकवलं, वर ओढायला शिकवायचं राहून गेलं. चारही दारांच्या बटणांच्या टोप्या पडून गेल्या होत्या आणि उरल्या होत्या नुसत्या गुळगुळीत काड्या. त्या वर ओढायला मोठ्या माणसालाही नखं लागत.

दुपारी जेवणं झाली आणि ऊन कलायच्या आत निघायची घाई सुरू झाली. आमच्या घरापुढचा रस्ता उताराचा, खाली थेट मोठ्या रस्त्याला मिळणारा. व्याह्यांच्या पद्धती ठरलेल्या: तापलेलं इंजिन बंद केलं तर पुन्हा लवकर सुरू होत नाही, म्हणून सामान चढेपर्यंत ते चालूच ठेवायचं. लू लागू नये म्हणून काचा वर. एकदा मागचं दार वाटेत उघडलं होतं तेव्हापासून तीन दारांची बटणं आधीच दाबलेली. चिमीला पुढच्या सीटवर बसवून ते डिकीत पिशव्या लावायला गेले, आणि लेकरू खाली पडू नये म्हणून आपलं दार लोटून गेले. चाकाखालचा दगड त्यांनी निघायच्या तयारीत काढूनही टाकला होता, गाडी नुसत्या हँडब्रेकवर उभी. चाव्यांचा जुडगा गाडीतच लटकत होता.

चिमीनं चौथं बटण दाबलं.

आधी आम्ही हसलो. मग व्याह्यांनी कडी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "चिमे, वर वढ बेटा. वर, वर!" ती टाळ्या वाजवायला लागली आणि तिनं बटण पुन्हा दाबलं. दुसरा जुडगा जालन्याच्या कपाटात. मी दगड शोधून चाकाखाली सरकवला आणि समोर येऊन दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभा राहिलो. जणू गाडी सुटलीच तर हा रिटायर मास्तर ती थोपवणार होता! काचेतून मला सगळं दिसत होतं, तेच वाईट. चिमी सीटवर उभी राहिली. तिनं गिअरच्या दांड्याला लोंबकळायला सुरुवात केली. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि गाडीला एक हिसका बसला. माझ्या तळहातांखालचा पत्रा तव्यासारखा तापला होता, पण हात काढायची हिंमत होईना. माझी मुलगी काचेशी ओणवी होऊन, ओढणीनं तोंड झाकत-उघडत, "कुक! चिमे, इकडं बघ, कुक!" करत होती. तिचा आवाज हसरा होता आणि डोळे फाटले होते. चिमी एकदा हसली, दुसऱ्यांदा हसली, मग तिला घाम यायला लागला, केस कपाळाला चिकटले आणि तिनं रडायला तोंड उघडलं. काचेमुळे रडणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

व्याही त्रिकोणी काचेपाशी गेले. त्यांनी बोट लावलं. काच हलली नाही. नवा खटका आपलं काम बरोबर करत होता. मग डिकीतून ते लोखंडी हँडल घेऊन डाव्या बाजूला, चिमीपासून लांबच्या दाराशी आले. आणि मी, खोटं कशाला सांगू, मी समोरून ओरडलो, "अहो, काच!" त्या काचेचा धाक माझ्यासुद्धा हाडीमाशी भिनला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एक घाव घातला, खांद्यापर्यंत हात आत खुपसला, नखांनी त्या दाराचं बटण वर काढलं, आणि दार उघडून लेकरू तिच्या आईच्या हातात दिलं. मग इंजिन बंद केलं. त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत रक्त होतं. माझी बायको हळद घेऊन आली, तर ते सीटवरून काचेचा एकेक कण वेचत बसले होते.

मुलगी ओट्यावर चिमीला पाणी पाजत होती. सासऱ्यांना एवढंच म्हणाली, "मामा, आमी बसनं येतो." व्याही गाडी घेऊन एकटे गेले.

त्यानंतर गाडी घराच्या मागं उभी राहिली. व्याही अंबडला यायचे तर एसटीनं. चहा पिऊन पावसापाण्याचं बोलायचे. चोक नाही, गिअर नाही, काही नाही. एकदा मीच मुद्दाम म्हटलं, नव्या गाड्यांना आता सुट्टं चाकसुद्धा देत नाहीत म्हणे. "कामून देतील?" म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली. ज्यांच्या बडबडीनं मी पाच वर्षं जीव मुठीत धरून बसलो, ते गप्प झालेले मला बघवेनात. चिमीला ते उचलून घेत, पण घराच्या मागं नेत नसत.

श्रावणात मी जालन्याला गेलो तेव्हा ते मला दारातच भेटले. गावातल्याच मस्तगड भागातल्या एका किल्लीवाल्याकडून आले होते. खिशातून त्यांनी मूठभर चाव्या काढल्या, सगळ्या एकसारख्या, गाडीच्या दाराच्या. एक स्वतःच्या बायकोला दिली, एक मुलाला, एक शेजारच्या काकूंना, ज्यांना गाडीशी काहीच कर्तव्य नाही. एक माझ्या हातावर ठेवली. "अहो, मी अंबडला राहतो," मी म्हटलं. "गाडी जालन्यात आणि चावी अंबडात, काय उपयोग?"

"ठिवा," ते म्हणाले. "त्या दिशी तुमच्याच दारात अडकल्तो ना मी."

शेवटची चावी घेऊन ते सुनेपुढं उभे राहिले. हात पुढं केला. मग खाली बघतच म्हणाले, "तू न्हाई म्हणली तर मी गाडी काढून टाकतो, बाई. मला राग न्हाई." भट्टी कुठं आहे हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. मुलीनं चावी घेतली. उलटीपालटी करून पाहिली. मंगळसूत्राला लावलेली पिन उघडली, तिच्यात चावी अडकवली, पिन बंद केली. मग आत जाऊन चिमीला घेऊन आली. "हिचा डोस द्यायचाय आज. चला मामा. पप्पा, तुमी बी बसा."

त्रिकोणी काचेच्या जागी पुठ्ठा होता. आम्ही निघालो. गाडी इतकी हळू होती की सायकलवाले मागं टाकून जात होते. व्याह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीत निर्धास्त बसलो होतो. दवाखाना येईपर्यंत त्यांनी मला एकही वस्तू दाखवली नाही. आणि काय सांगू, मला अजिबात करमलं नाही.