पुऱ्यांचा डबा

"पिशवी दे गं. धुऊ नकोस, तू नीट धूत नाहीस."

रोज सकाळी काकी माझ्या दारात हात पसरून उभ्या असायच्या. दूध पातेल्यात ओतलं की रिकामी पिशवी त्यांची. ती त्या घरी नेऊन धुवायच्या, मोरीच्या लाद्यांवर चिकटवून वाळवायच्या आणि महिन्याकाठी भंगारवाल्याला किलोवर विकायच्या. तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल आणि तुम्ही तिला चिकट म्हणाला असाल. कारण कळेपर्यंत मीही म्हणत होते.

माणिकपूरच्या आमच्या इमारतीत काकी पहिल्या मजल्यावर, माझ्या समोर. त्यांची धाकटी जाऊ दुसऱ्या मजल्यावर. तिच्या नवऱ्याचा गोखिवऱ्याला गाळा होता, दारात गाडी होती. एका मे महिन्यात तीच म्हणाली, रविवारी सगळ्या मुलांना खाडीपलीकडच्या मोठ्या पार्कात नेऊ या, टीव्हीवर जाहिरात लागते त्या. काकींची दोन्ही मुलं सकाळी सहापासून पावडर थापून जिन्यात बसली. जाऊबाई गॉगल लावून खाली आल्या.

"अय्या, गाडीत जागाच नाही रे! आणि तिथली तिकिटं काय फुकट असतात?"

गाडीत तिच्या माहेरची माणसं बसली होती. मुलं रडली. काकी रडल्या नाहीत. "मी लक्षात ठेवलंय," एवढंच म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं पालुपद. भाजीवाल्यानं किडकं वांगं घातलं तरी हेच, आणि तो खरंच पुढे चार महिने घाबरून असायचा.

खरं सांगते, मला आनंद झाला. आम्ही भाडेकरू. पाण्याचा टँकर आला तेव्हा "भाडोत्री मागे," म्हणत याच बाईनं माझा हंडा पायानं सरकवला होता. मला तोंड उघडायची हिंमत झाली नव्हती. माझाही सूड काकी घेतील म्हणून मी इमानेइतबारे पिशव्या दिल्या, माहेरहूनसुद्धा आणल्या.

त्याच पार्कासाठी काकी पिशव्यांचे पैसे साठवायला लागल्या आणि सहलीची भिशी काढली. दर महिन्याला घरटी थोडे पैसे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या एका दाराला विचारायचं नाही, हे न सांगता ठरलं. पार्कात तिकीट उंचीवर असतं, हे काकींनी काढून आणलं. त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली. रेघेच्या वर गेलं की मोठ्यांचं तिकीट. धाकट्याला दर एक तारखेला तिथं उभा करायच्या.

"वाढू नकोस रे मेल्या, जरा दम धर!" असं म्हणत त्याच्याच हातात दुधाचा पेला द्यायच्या.

तीन वर्षं गेली. तेवढ्यात गोखिवऱ्याचा गाळा बंद पडला, गाडी विकली. धाकटा अजून रेघेच्या बोटभर खाली होता, तेव्हा काकींनी मिनीबस ठरवली.

निघताना जावेचा बंटी खाली आला. इस्त्रीचा शर्ट, मुठीत नोटा. "काकी, आईनं पैसे दिलेत."

काकींनी वर पाहिलं. गॅलरीत जाऊ उभी होती.

"जागा नाही रे," काकी मोठ्यांदा म्हणाल्या, वर ऐकू जाईल अशा आवाजात.

जागा होती. माझ्या शेजारच्या सीटवर पुरी-भाजीचा मोठा डबा ठेवलेला होता. तो मी मांडीवर घेऊ शकले असते. घेतला नाही. मनातून मला उकळ्या फुटत होत्या.

पार्काच्या दारात रखवालदारानं डबा अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नव्हतं आणि बस संध्याकाळी येते म्हणून निघून गेली होती. आतलं महागडं खाणं घ्यायचं नाही, पोरांना पुऱ्याच खाऊ घालायच्या, या हिशेबावर सगळी सहल बेतलेली. आत गेलं की परत बाहेर यायची सोय नव्हती.

"वीस पोरांचं अन्न टाकून मी पाळण्यात बसू?" काकी झाडाखाली डब्याला टेकून बसल्या. मी थांबते म्हटलं तर हाकलून दिलं. "जा तू. मला बघायचं ते सकाळीच बघून झालं."

तीन वर्षं पिशव्या धुतलेल्या त्या बाईनं पार्क पाहिलंच नाही. संध्याकाळी भुकेलेली पोरं दारातच डब्यावर तुटून पडली. काकींनी त्याआधी सहा पुऱ्या आणि भाजी कागदात बांधून बाजूला ठेवली होती. घरी परतल्यावर ती पुडी माझ्या हातात दिली.

"बंटीला दे. वैर त्याच्या आईशी आहे. पोर बिचारं..."

मी वर गेले. बंटीनंच दार उघडलं. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट.

"काकींनी दिलंय."

त्यानं पुडीकडे पाहिलं. "नको. मी लक्षात ठेवलंय," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

पुडी मी गच्चीच्या कठड्यावर ठेवून आले. काकी जिन्यात वाट पाहत होत्या. "खाल्लं?"

"खाल्लं."

पुढे कित्येक वर्षं, पुऱ्या तळल्या की त्या हेच विचारायच्या. मी हो म्हणायची. इकडे बंटी जिन्यात समोर आला की भिंतीकडे तोंड करून उतरायचा. काकी गेल्या, तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. तो आला नाही.

आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले होते. आवाज पार खोल गेला होता.

"त्यानं खाल्लं ना गं तेव्हा?"

"हो काकी," मी म्हटलं. "आणखी दोन मागत होता."