गोल तोंडाचं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या हिला नाही, मुलाला, केदारला तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एवढं काय असणार — तर एका कॉम्प्युटरच्या कार्डाची गोष्ट आहे. हसू येईल. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण घेऊन बसलोय, हे खरं.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बाहेरून येणारा माल तपासायचो. नटाला बोल्ट बसतो का, डब्याला झाकण लागतं का — दिवसभर हेच. नमुना हातात घ्यायचा, आलेला माल लावून बघायचा. बसला तर आत, नाहीतर परत. घरीही मी तसाच. कुकरची रिंग आणायची तर जुनी पिशवीत घालून न्यायचो. बाजारात मला कुणी फसवलंय असं कधी झालं नाही, आणि याचा मला थोडा माजही होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीत राहायचो. केदारची अकरावी नुकतीच झाली होती. आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, परबांचा विनय. दोघं पहिलीपासून एकत्र. दोन्ही घरांत कॉम्प्युटर आले आणि मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी बेत केला — दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडायचे आणि आपापल्या घरी बसून एकमेकांशी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. विनयकडे त्याच्या मामानं दिलेलं लॅन कार्ड होतं, जुन्या पद्धतीचं, गोल तोंडाचं. वायरही त्यानंच कुठूनशी मिळवली आणि तिचं टोक आमच्या कठड्याला आणून बांधलं. आता केदारच्या कॉम्प्युटरला तसलंच कार्ड हवं होतं.

ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे येणार? केदारनं विनयकडचा, वायरच्या टोकाला लागणारा धातूचा जोड माझ्या हातात ठेवला. "बाबा, चौकोनी तोंडाचं पण मिळतं, ते नको. त्याला ही वायर लागत नाही. हा बसतो का बघा फक्त." आणि जाता जाता म्हणाला, "मी विनयला बोललेलो, बाबा आणतायत म्हणजे चुकणारच नाही."

त्याच आठवड्यात दूध केंद्रावर परब भेटले होते. त्यांची कंपनी बंद पडली होती. जागा विकून जूनमध्ये टिटवाळ्याला जायचं त्यांचं ठरलं होतं. "विनयला अजून सांगितलं नाही ओ," ते म्हणाले. "सुट्टी मजेत जाऊ दे पोरांची." मी मान डोलावली. म्हणजे मला ठाऊक होतं — पोरांना हा एकच महिना आहे. ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग मी पुढे जे केलं ते का? बारावीचं वर्ष, गेमचा नाद लागेल — हे कारण मी स्वतःला सांगितलं. चांगलं कारण आहे, कुणीही मान डोलावेल. पण खरं ते नव्हतं. खरं सांगायला जीभ आजही जड होते. केदार परबांकडे जेवायचा, तिथं खिदळायचा, परबांना कॉलेजातल्या गमती सांगायचा. मला ते हसणं गॅलरीतून ऐकू यायचं. घरी आला की मला "हो" आणि "नाही" एवढंच. मी त्याला परीक्षेचे मार्क सोडून कधी काही विचारलं होतं का? नव्हतं. तरी राग मात्र मला यायचा. आणि आता तर घरात बसूनही तो त्यांच्याचकडे असणार होता.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. ऊन मरणाचं होतं. दुकानदारानं दोन्ही कार्डं समोर ठेवली. मी सवयीनं खिशातून जोड काढला, गोल तोंडाच्या कार्डावर ठेवला आणि फिरवला. टक् करून बसला. नमुन्याबरहुकूम, काही म्हणजे काही खोट नाही.

मी तो काढला, खिशात टाकला आणि म्हटलं, "ते दुसरं द्या."

दुकानदार म्हणाला, "काका, पण तुमचा जोड —"

"दुसरं द्या," मी म्हटलं.

घरी केदारनं खोकं उघडलं आणि कार्डाचं चौकोनी तोंड बघितलं. मग हळूच विचारलं, बदलून मिळेल का? मी म्हटलं, परत घेत नाहीत. हे मी विचारलंही नव्हतं. पोरगं माझ्यावर चिडलं नाही. दुकानदारानंच बाबांना फसवलं, असं हिला सांगत होतं.

विनयनं मात्र वेगळा अर्थ काढला. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतल्या श्रीमंत पोरांकडे चौकोनी तोंडाची कार्डं होती. केदारला आता त्यांच्याशी खेळायचंय, असं विनयला वाटलं. "तुझे बाबा चुकतील होय?" तो केदारला म्हणाला. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. दोघांचं बोलणं तुटलं. जूनमध्ये परबांचं सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा केदार खाली उतरला नाही. समोरून विनयनं वायर ओढून घेतली आणि तिचं टोक आमच्या कठड्यावरून घसरत गेलं. केदार ते बघत उभा होता. मी त्याच्या मागे उभा होतो.

त्यानंतर ते दोघे कधी भेटले नाहीत. आणि केदार माझ्याशी जास्त बोलायला लागला का? तसंही झालं नाही.

गेल्या दिवाळीत केदार त्याच्या मुलीला घेऊन आला होता. भिंतीवर वायफायची एक डबी लावून म्हणाला, आता वायरसुद्धा लागत नाही, बाबा. नात गेम खेळत बसली. तिला तो सांगत होता — माझा एक मित्र होता, विनय. आजोबा आमच्यासाठी भर उन्हात दुकानात गेलेले, कार्ड आणायला. चुकीचं आणलं बिचाऱ्यांनी. पण गेलेले.

नातीनं येऊन माझ्या गळ्यात हात टाकले.

मी ते टाकू दिले.