करामातला माजी खासदार

नव्वदच्या दशकात आखातातल्या करामा वस्तीत आमच्या इमारतीखालच्या चहाच्या दुकानात एक उंच, पिकल्या दाढीचे आफ्रिकी चाचा रोज बसायचे. चहावाला गिऱ्हाइकांना ‘अरबाब’, म्हणजे मालक म्हणायचा. चाचा दरवेळी दटावायचे, “मालक नहीं, भाई बोलो!”

तरुणपणी ते आपल्या देशाशेजारच्या एका देशात पोट भरायला गेले होते. तिथे माणसं गुलाम म्हणून राबताना पाहून त्यांनी वर्तमानपत्र काढलं. छापखाना जाळला गेला, तेव्हा बंदूक उचलली. पुढे तिथलेच होऊन खासदार झाले आणि शेवटी हद्दपार. चळवळीची पत्रकं वाचून पेटलेला मी त्यांच्यासमोरून हलायचो नाही.

एका संध्याकाळी त्याच देशाच्या सरकारचे दोन सुटाबुटातले लोक येऊन गेले.

“मंत्री करतो म्हणतात,” चाचा मोडक्या हिंदीत म्हणाले. “फक्त लिहून द्यायचं, की आमच्याकडे आता गुलाम नाहीत.”

“आणि चाची?” मी विचारलं. त्यांची बायको तिकडेच राहिली होती.

“तिकडे वाट बघतेय.” त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “हबीबी, त्या गुलामांना वाचता येत नाही. मी खोटं लिहिलं तर त्यांना कळणारही नाही. म्हणूनच मला ते लिहिता येत नाही.”

मग ते कोपऱ्यावरच्या फोनकडे गेले. आपण येत नाही, हे चाचीला त्यांनाच सांगायचं होतं.